लेबर ऑफिसरसमोर जबाब: समान मजुरीच्या तक्रारीत काय सांगायचं, कसं सांगायचं

समजा, तासगावच्या बाजूला बेदाण्याचं एक युनिट आहे. निवडणीच्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना मिळून सात माणसं उभी असतात, पाच बायका आणि दोन पुरुष. सातही जण तोच माल हाताळतात. काड्या, काळे मणी, फुटके, चिकट झालेले वेचून बाजूला काढायचे आणि चांगला माल पुढे सोडायचा. सकाळी ९ ते संध्याकाळी ६, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. शनिवारी पगार होतो तेव्हा पुरुषांना रोज ५०० रुपयांनी पैसे मिळतात, बायकांना ३५० ने. (युनिट आणि आकडे दोन्ही समजावण्यापुरते घेतलेत.) बायकांनी सांगलीच्या कामगार कार्यालयात तक्रार दिली, पोच घेतली. काही दिवसांनी पाकीट आलं: अमुक तारखेला सकाळी ११ वाजता जबाबासाठी हजर राहावे.

इथून पुढे काय करायचं, ते या लेखात आहे. उदाहरण बेदाण्याचं घेतलंय, पण सांगलीतलं हळदीचं गोदाम असो, मिरजेतलं रुग्णालय असो की कुपवाड एमआयडीसीतलं पॅकिंग खातं, जबाबाची तयारी सगळीकडे जवळपास सारखीच करावी लागते.

कायदा नेमकं काय म्हणतो

१९७६ पासून यासाठी समान वेतन अधिनियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहिता, २०१९ या कायद्याने घेतली. संहितेच्या कलम ३ चा अर्थ सरळ आहे: एकाच आस्थापनेत, एकाच मालकाकडे, तेच किंवा त्याच प्रकारचं काम करणाऱ्यांमध्ये बाई, पुरुष किंवा तृतीयपंथी यावरून मजुरीत फरक करता येत नाही. भरती करताना आणि नोकरीच्या अटी ठरवतानाही असा भेद करता येत नाही. जिथे कायद्यानेच बायकांना एखाद्या कामावर मनाई आहे तेवढाच अपवाद.

याच कलमात आणखी एक ओळ आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. मजुरी समान करण्यासाठी मालकाला कुणाचीही मजुरी कमी करता येत नाही. म्हणजे ५०० चे ३५० करून "झालं समान" असं म्हणता येत नाही. ही ओळ पुरुष सहकाऱ्यांना आधी वाचून दाखवा. साक्ष द्यायला ते कचरतात त्यामागे बहुतेक वेळा आपला रोज घटेल हीच भीती असते.

मालकाकडून हमखास येणारं एक उत्तर म्हणजे "आम्ही किमान वेतन देतो, मग तक्रार कसली?" किमान वेतन हा वेगळा प्रश्न आहे. बाईला किमान वेतन मिळतंय आणि त्याच कामाला शेजारच्या पुरुषाला त्याहून जास्त मिळतंय, तर भेद आहेच. तुलना सरकारी दराशी करायची नाही, शेजारच्या माणसाच्या रोजाशी करायची. आणि ती नुसत्या रोजावर थांबवू नका. समान वेतन मोजताना प्रवासभत्ता, घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइमचे पैसेही धरले जातात. पुरुषांना दर शनिवारी पेट्रोलसाठी वेगळे १०० रुपये मिळत असतील तर तेही सांगायचे.

समोर बसलेला अधिकारी काय करू शकतो

कायद्यात त्यांचं नाव दुहेरी आहे, निरीक्षक आणि सुविधाकार. तालुक्यात सगळे लेबर ऑफिसरच म्हणतात, आपणही तेच म्हणू. ते कामाच्या जागी येऊ शकतात, तिथे सापडलेल्या कुणालाही प्रश्न विचारू शकतात, मस्टर (हजेरीपत्रक) आणि पगारपत्रक मागू शकतात, त्यांच्या नकला काढू शकतात, गरज पडल्यास कागद ताब्यात घेऊ शकतात. त्यांनी मागितलेला कागद किंवा माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे.

पण शेवटचा निर्णय त्यांच्या हातात नसतो. दोघांचं काम एकाच प्रकारचं आहे की नाही असा वाद उभा राहिला तर तो शासनाने नेमलेला प्राधिकारी ठरवतो. थकलेल्या फरकाचा दावाही प्राधिकाऱ्यापुढेच चालतो. तो प्राधिकारी तासगावला येऊन तुमच्या पट्ट्याशेजारी उभा राहील असं धरून चालू नका. त्याच्या टेबलावर कागद जातो. त्या कागदावर तुमचं काम "बेदाणा निवडणे" एवढ्या दोन शब्दांत आलं असेल तर तो दोन शब्दांचंच काम बघेल. म्हणून जबाबाची खरी तयारी म्हणजे आपलं काम पूर्ण शब्दांत मांडता येणं. अन्याय झालाय हे सांगायला फारशी तयारी लागत नाही, ते आपोआप तोंडी येतं. दिवसभर हात नेमकं काय करतात हे सांगायला मात्र तयारी लागते. रोजचं काम इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही.

चार कसोट्या

काम त्याच प्रकारचं आहे का, हे कायदा चार गोष्टींवर तपासतो: कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी. कामाची परिस्थितीही सारखी असावी लागते. आणि फरक असला तरी तो नोकरीच्या दृष्टीने व्यवहारात महत्त्वाचा आहे का, हे बघितलं जातं. १९८७ मध्ये ऑड्री डिकॉस्टा या मुंबईतल्या स्टेनोग्राफर बाईंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत पुरुष स्टेनोग्राफरना जास्त पगार होता. न्यायालय म्हणालं की दृष्टी व्यापक ठेवा, किरकोळ फरकावर अडू नका आणि माणसं प्रत्यक्षात जे काम करतात ते बघा. निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, पण कसोटीचे शब्द नव्या संहितेतही जवळपास तेच आहेत.

कौशल्य आणि अनुभव लवकर सांगून होतात. पट्ट्यावर नवीन माणूस किती दिवसांत तयार होतो? त्याला शिकवतं कोण? बहुतेक ठिकाणी पुरुष मजुरालाही जुनी बाईच शिकवते. ते नाव आणि महिन्यासकट सांगा. अनुभवात तारखा बोलतात: तुम्ही अकरा वर्षं पट्ट्यावर आहात आणि गेल्या दिवाळीनंतर लागलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यापासून ५०० मिळतात, तर हे एकच वाक्य पुष्कळ काम करतं. जबाबदारीत एवढंच विचारलं जातं की माल खराब निघाला तर बोलणी कुणाला बसतात, पैसे कुणाचे कापतात.

खरी लढत श्रमावर होते. मालक म्हणणार: "पुरुष बॉक्स उचलतात. १५ किलोचा बॉक्स आहे. बायकांना झेपेल का?" इथे "आम्हीपण उचलतो" एवढ्यावर सोडलं की मुद्दा हातातून गेला. आकडा काढा.

पट्ट्यावरून दिवसाला ८० बॉक्स निघतात असं धरू. एक बॉक्स उचलून थप्पीला लावायला २० सेकंद. म्हणजे एकूण १,६०० सेकंद, २७ मिनिटांच्या आत. दोघा पुरुषांत वाटले तर माणशी चौदा मिनिटंसुद्धा होत नाहीत. कामाचा दिवस ४८० मिनिटांचा. उरलेली ४६६ मिनिटं ते दोघं पाच बायकांसारखंच वेचत उभे असतात. चौदा मिनिटांसाठी रोजात १५० रुपयांचा फरक, हे कागदावर दिसलं की अधिकारी पुढचा प्रश्न मालकाला विचारतो.

पुढची पायरी: पुरुष गैरहजर असतील तेव्हा बॉक्स कोण उचलतं? दोन बायका मिळून उचलत असतील तर तेच सांगा, "एकटी उचलते" म्हणू नका. त्या दिवशी बायकांना ५०० मिळाले का? नसतील मिळाले तर जादा रोज उचलण्यासाठी नव्हताच, हे तिथेच दिसतं.

आता दुसरी बाजू. समजा पुरुष खरंच रोज तीन तास ट्रक खाली करतात आणि बायका कधीच करत नाहीत. मग फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरू शकतो. हे लपवून उपयोग नाही, मालक पहिल्याच दिवशी ते मांडणार आहे. आपण आधीच सांगितलं तर बाकीच्या बोलण्याचं वजन टिकतं. अशा वेळी शोधायचं ते हे: ट्रक नसतो त्या दिवशी पुरुषांचा रोज कमी होतो का? ट्रक कधीच खाली न करणारा एखादा पुरुष आहे का आणि त्याला किती मिळतात? तक्रारीत तुलनेसाठी तोच माणूस धरा.

एका दिवसाची वही

रेघांची वही घ्या. तीन दिवस निवडा: एक नेहमीचा, एक सौद्याच्या आदल्या दिवसासारखा घाईचा आणि एक जेव्हा कुणीतरी गैरहजर होतं. घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी लिहा. किती वाजता आलो, पट्टा किती वाजता सुरू झाला, समोर कोण होतं, हॉपरमध्ये (पट्ट्यावर माल सोडणाऱ्या पेटीत) क्रेट कुणी ओतले, काटा कुणी केला, बॉक्सला पट्टी कुणी मारली, किती बॉक्स निघाले, बसायला मिळालं का, सुट्टी किती वाजता झाली. वाक्यं छोटी. विशेषणं नकोत. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगून लिहून घ्या, पण शब्द तुमचेच ठेवा आणि लिहिणाऱ्याचं नाव खाली टाका.

जुन्या तारखा आठवत नाहीत म्हणून बायका घाबरतात. नेमकी तारीख नसली तरी चालतं, खूण सांगा. तासगावचा रथ झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात, २०१९ च्या महापुरानंतर शेड पुन्हा सुरू झाली तेव्हा, धाकट्याची दहावीची परीक्षा चालू होती तेव्हा. अधिकारी त्यावरून महिना काढू शकतो. अंदाजाने तारीख ठोकून द्यायची नाही, कारण त्या तारखेला मस्टरवर तुमची रजा निघाली तर बाकीचा जबाबही डळमळतो.

वहीत एक शब्द जपून वापरा: "मदत". बायका सवयीने म्हणतात, "मी काट्यावर मदत करते." पुरुष म्हणतो, "मी काटा करतो." काम तेच असतं. बॉक्स काट्यावर ठेवणं, १५ किलोला कमी पडला तर मूठभर भरणं, जास्त झाला तर काढणं, वजन मांडणं. हे सगळं तुम्ही करत असाल तर तुम्ही काटा करता. तसंच म्हणा. जबाबात "मदतनीस" हा शब्द एकदा गेला की पुढे तो पुसायला फार कष्ट पडतात.

पैशाचा कागद आणि बाकीचे कागद

एका पानावर तीन रकाने करा: महिना, भरलेले दिवस, हातात आलेले पैसे. उचल घेतली असेल तर ती वेगळी दाखवा, नाहीतर मालक उचलीचे पैसे मजुरीत धरून दाखवतो. मग फरक काढा. रोजचे १५० रुपये, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ३,९००. वर्षातले आठ महिने काम असेल तर ३१,२००. दावा मागच्या तीन वर्षांपर्यंतचा करता येतो, म्हणजे या उदाहरणात ९३,६००. प्राधिकारी त्यावर भरपाईही देऊ शकतो आणि तिची मर्यादा दाव्याच्या दहा पटींपर्यंत आहे. दहा पट ही वरची हद्द आहे, तेवढी मिळेलच असा हिशेब डोक्यात धरू नका आणि जबाबातही तो आकडा काढू नका. ऑफिसर फक्त वस्तुस्थिती लिहून घ्यायला बसलेले असतात.

सोबत न्यायचं: नोटिशीची आणि तक्रारीच्या पोचेची झेरॉक्स, आधार, बँक पासबुकची भरलेली पानं, फोनवर पैसे आले असतील तर त्याचा तपशील, पगारचिठ्ठ्या असतील तर त्या, ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयचा नंबर. सगळ्याच्या दोन झेरॉक्स करा आणि मूळ कागद दाखवून परत घ्या, देऊन येऊ नका. पगारचिठ्ठी कधी मिळालीच नसेल तर ते जबाबात स्पष्ट लिहून घ्या. पगारचिठ्ठी देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. आणि मजुरी कमी दिल्याचा किंवा दिलीच नसल्याचा दावा उभा राहिला की पैसे दिल्याचं सिद्ध करणं मालकावर असतं. कागद नाहीत म्हणून घरी बसू नका.

मस्टरचं पान फाडून आणणं किंवा केबिनमधून वही उचलणं असलं काही करू नका. चोरीचा आळ आला की मूळ तक्रार बाजूला पडते. ते कागद मागवण्याचा अधिकार ऑफिसरला आहे. तुम्ही एवढंच सांगा की कोणती वही कुठे असते. बऱ्याच ठिकाणी दोन असतात, एक तपासणीला दाखवायची आणि एक मुकादमाच्या हातातली कच्ची वही, ज्यावरून शनिवारी खरे पैसे वाटतात. "निळ्या पुठ्ठ्याची लांब वही, काट्याशेजारच्या खणात" एवढं नेमकं सांगितलं तर ऑफिसर तीच मागतात.

मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील ("उद्या लेडीज ८ ला, जेन्ट्स ९ ला") तर ते पुसू नका आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या, फोन बदलू नका, विकू नका. पुढे प्रकरण सुनावणीला गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं आणि ते मूळ फोनवरून करणं सोपं जातं.

ठेकेदार मध्ये असेल तर

इथे बरीच प्रकरणं अडकतात. पुरुष मालकाच्या हजेरीवर, बायका ठेकेदाराच्या. मालक म्हणतो, "त्या माझ्या कामगारच नाहीत." कायद्यात तुलना एकाच मालकाकडच्या माणसांची आहे, म्हणून हा मुद्दा जबाबातच नीट बांधावा लागतो. सकाळी काम कोण वाटून देतं? रजा कुणाकडे मागता? पट्टा कुणाचा, शेड कुणाची? चूक झाली तर ओरडतं कोण? पैसे कुणाच्या खात्यातून येतात? ठेकेदार महिन्यातून किती वेळा दिसतो? या सहा प्रश्नांची उत्तरं वहीत वेगळ्या पानावर लिहा. थकलेली देणी ठेकेदाराने दिली नाहीत तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते, हेही लक्षात असू द्या.

खुर्चीत बसल्यावर

ऑफिसरांचं नाव, पद आणि नोटिशीचा जावक क्रमांक आधी लिहून घ्या. ते कामाच्या जागी आले आणि मुकादम शेजारीच उभा असेल तर घाबरून खोटं सांगू नका, गप्पही राहू नका. म्हणा, "साहेब, मला ऑफिसात येऊन सांगायचंय, तारीख द्या." अशी विनंती करता येते, आणि केली होती हे लिहूनही घेता येतं. ठरल्या दिवशी जमत नसेल तर दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घ्या.

प्रश्न साधाच असतो आणि तिथेच घात होतो.

"ताई, तुम्ही काय काम करता?"

"बेदाणा निवडते, साहेब."

संपलं. पुढचा प्रश्न दुसऱ्याच विषयावर जातो. याऐवजी:

"साहेब, सकाळी ९ ला पट्टा सुरू होतो. मी पट्ट्याच्या डाव्या अंगाला उभी असते, माझ्यासमोर एक पुरुष कामगार असतो. आम्ही दोघं काड्या, काळे, फुटके वेचतो. तासाला दहाएक बॉक्स निघतात. काटा मी करते, मांडणीची वही पण माझ्याकडेच आहे. तो बॉक्स थप्पीला लावतो. तो नसला की आम्ही दोघी मिळून लावतो."

अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. त्यात जागा, वेळ, माल, आकडा, जबाबदारी आणि तुलना असं सगळं आलं. घरी दोन-तीनदा मोठ्याने बोलून बघा. पाठ मात्र करू नका. पाच बायकांचे पाचही जबाब शब्दाला शब्द सारखे आले तर ऑफिसरला वाटतं कुणीतरी शिकवून पाठवलंय, आणि मालकाचा वकील पुढे नेमकं तेच म्हणतो. प्रत्येकीने आपण जिथे उभी असते तिथून जे दिसतं तेवढंच सांगावं. हॉपरकडची बाई काट्याबद्दल "मी बघितलं नाही, त्या बाजूला माझी पाठ असते" म्हणाली तर बिघडत नाही, उलट ते खरं वाटतं.

माहीत नसेल तर "माहीत नाही". आठवत नसेल तर "आठवत नाही". ऐकलेलं असेल तर "मी ऐकलं, बघितलं नाही". पुरुषाचा रोज ५०० आहे हे तुम्हाला कसं कळलं, हा प्रश्न नक्की येतो. पैसे वाटताना शेजारी उभी होते, त्याने स्वतः सांगितलं, की वहीत बघितलं? यातलं जे खरं असेल तेच.

संडास नाही, बोनस मिळाला नाही, मुकादम तोंडाने घाण आहे, हे सगळं खरं असतं आणि मनात साचलेलं असतं. त्याचा वेगळा कागद करा आणि वेगळा द्या. मजुरीच्या जबाबात सगळं ओतलं की मूळ मुद्दा तळाला जातो. पण कुणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल तर थांबू नका. त्याची वाट वेगळी आहे: दहा किंवा जास्त कामगार असतील तर युनिटची अंतर्गत समिती, नाहीतर जिल्ह्याची स्थानिक समिती. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

सही करण्याआधी

तुमचं बोलणं ऑफिसच्या मराठीत उतरतं. "मी सदर आस्थापनेत निवडणीचे हलके काम करते." हा "हलके" शब्द तुम्ही उच्चारलाच नव्हता. कुणी मुद्दाम टाकला असेल असं नाही, लिहिणाऱ्याच्या हाताला सवय असते. पण तो शब्द राहिला तर श्रमाची कसोटी तिथेच गेली.

म्हणून पूर्ण जबाब स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर ओळ न ओळ वाचून दाखवायला सांगा. रोज किती, तास किती, काटा कोण करतं आणि पुरुष काय करतात या चार जागी बोट ठेवून बघा. चूक असेल तर खोडून बरोबर लिहायला सांगा आणि खोडलेल्या जागी दोघांनी छोटी सही करा. राहून गेलेलं वाक्य शेवटी जोडता येतं. अंगठा असेल तर "वाचून दाखवले, बरोबर आहे" असं वर लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही, मग तो ऑफिसात असो की मालकाच्या केबिनमध्ये. जबाबाच्या आदल्या दिवशी "काही तक्रार नाही" असं छापलेल्या कागदावर सह्या घेतल्या जातात. तसं झालं असेल तर ते जबाबात पहिल्यांदा सांगा: कुणी, कधी, काय म्हणून सही घेतली.

जबाबाची प्रत मागा. मिळाली नाही तर बाहेर येऊन एसटीची वाट बघता बघताच आठवेल तसे प्रश्न आणि उत्तरं वहीत उतरवा. घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

मालक आणि मुकादमांसाठीही थोडं. नोटीस आल्यावर मस्टर "नीट" करायला बसू नका. महिन्याभराच्या हजेऱ्या एकाच पेनने, एकाच हाताने, एका बैठकीत भरलेल्या कुणालाही ओळखू येतात, आणि मग फरकाचा साधा वाद खोट्या नोंदीचा होतो. रोजातल्या फरकाला खरंच कारण असेल, जसं की मशीन चालवण्याचं प्रशिक्षण किंवा वेगळी पाळी, तर त्याचे जुने कागद काढून ठेवा. कारण नसेल तर या महिन्यापासून रोज सारखा करा. पुढचा फरक साचायचा तरी थांबतो.

त्यानंतर

जबाबानंतर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाऊन तक्रार कुठवर आली हे विचारा आणि ती तारीखही वहीत टाका. फरकाचा दावा तुम्ही स्वतः लावू शकता, तुम्ही सभासद असाल ती युनियन लावू शकते, किंवा लेबर ऑफिसर लावू शकतात. पाच जणींचा मिळून एकच अर्ज चालतो. प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, आणि निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. बाईला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. सांगलीच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० या नंबरवर फोन करा. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते.

जबाब दिल्यावर "उद्यापासून येऊ नको" असं ऐकावं लागलं तर वाद घालत बसू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गेटवर जा, आत घेतलं नाही तर तारीख, वेळ, अडवणाऱ्याचं नाव आणि तिथे कोण होतं ते लिहा. त्याच दिवशी कामगार कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. औद्योगिक वादाच्या चौकशीत साक्ष दिली म्हणून कामावरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा धरली जाते. मात्र तोंडी काढलेल्या माणसाबद्दल मालक आठवड्याने म्हणतो की ती आपणहून यायची बंद झाली. त्या दिवशी तुम्ही गेटवर होता हे त्या पोचेवरच्या तारखेवरून आणि शिक्क्यावरून दिसतं.